समाजकार्य, समुपदेशन की स्पर्धा परीक्षा? पद कशावर उभं आहे ते आधी बघा

एका मुलीने विचारलं आहे: बी.ए. झालं, विषय समाजशास्त्र. लोकांसोबत काम करायचं एवढं नक्की आहे. पण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करू, समुपदेशनाचा कोर्स करू, की सरळ एमपीएससीच्या तयारीला लागू? घरचे म्हणतात, समाजसेवा करून पोट भरतं का? मी महाराष्ट्रात आधी रुग्णालयात, मग महिला आणि बालकांच्या प्रश्नांवर काम केलं आणि आता नव्या मुलामुलींचं फील्डवर्क बघते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

घरच्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो रास्त आहे आणि आमच्या क्षेत्रातली माणसं तो हमखास टाळतात. पोट भरतं. किती आणि किती वर्षं, हे मात्र तुमच्या तळमळीवर ठरत नाही. तुम्ही ज्या खुर्चीत बसणार ती कशाच्या आधारावर तयार झाली आहे, त्यावर ठरतं. आपल्याकडची जवळजवळ सगळी पदं तीनपैकी एका आधारावर उभी असतात: कायदा, सरकारी योजना, किंवा कुणीतरी पैसे दिलेला प्रोजेक्ट. कायद्याने निर्माण केलेलं काम सरकार बदललं तरी राहतं. योजनेतलं पद योजना आहे तोवर. मध्ये योजनेचं नाव बदलतं, निकष बदलतात, करार अकरा महिन्यांचा होतो आणि पुढच्या ऑर्डरची वाट बघावी लागते. प्रोजेक्टवरचं पद देणगीदाराने जितकी वर्षं मंजूर केली तितकंच. यातल्या तिसऱ्याला मी हलकं लेखत नाही, शिकायला सगळ्यात जास्त तिथेच मिळतं. पण बाविसाव्या वर्षी प्रोजेक्टवर जाणं वेगळं आणि चाळिशीत, मुलांच्या फिया भरताना, 'पुढचं फंडिंग आलं का' म्हणून ईमेल बघत बसणं वेगळं. जाहिरात हाती आली की पगाराच्या आकड्याआधी हे शोधा.

आता पदवीचं. एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, बीएसडब्ल्यू असलंच पाहिजे असं नाही. भारतात या शिक्षणाची सुरुवात १९३६ मध्ये मुंबईत झाली, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे आपली टिस. देवनारशिवाय तुळजापूरलाही तिचा परिसर आहे, ज्याला ग्रामीण भागात काम करायचंय त्याने तो आवर्जून बघावा. टिसचे पदव्युत्तर प्रवेश आता सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेतून होतात, म्हणजे अर्ज भरायची वेळ निकालाच्या बरीच आधी येते आणि दरवर्षी कित्येक मुलं तिथेच हुकतात. मुंबईचं निर्मला निकेतन १९५५ चं, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. नागपूरला मातृसेवा संघाची संस्था आहे. याशिवाय अनेक जिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालयं आहेत, काही उत्तम, काही नुसती हजेरीपुरती.

ओळखायचं कसं? इमारत बघू नका. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा, फील्डवर्कला कुठे पाठवतात आणि तुझं रेकॉर्डिंग कुणी वाचतं का. आठवड्याचे साधारण दोन दिवस तुम्ही एखाद्या संस्थेत, वस्तीत किंवा रुग्णालयात असता आणि घरी येऊन झालेलं काम लिहून काढता. चांगला सुपरव्हायझर त्या वहीतल्या 'तिला खूप वाईट वाटलं' या वाक्याखाली रेघ मारतो आणि बाजूला लिहितो, 'हे तुला कसं कळलं? ती काय म्हणाली ते लिही.' सुरुवातीला राग येतो. पुढे न्यायालयात अहवाल द्यायची वेळ येते तेव्हा त्या रेघेची किंमत कळते. ज्या कॉलेजात हे होत नाही तिथली एमएसडब्ल्यू म्हणजे फक्त अर्जातल्या रकान्यात भरायची पात्रता. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचा दूरस्थ एमएसडब्ल्यू आहे, समुपदेशनावर भर असलेला पर्यायही तिथे आहे. पण तिथे फील्डवर्क तुम्हालाच मनापासून करावं लागेल, पाठीमागे लागणारं कुणी नसतं.

रुग्णालयातलं काम मी जवळून केलं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. सरकारी कागदावर पदाचं नाव 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)', पण वॉर्डात कुणी तसं म्हणत नाही. सिस्टर नातेवाइकांना सांगते, 'एमएसडब्ल्यू मॅडमकडे जाऊन या.' शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं यात ही पदं सरळसेवेने भरतात. महापालिकांच्या रुग्णालयांतही असतात. खाजगीत मुख्य जागा धर्मादाय रुग्णालयांत. विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातलं कलम ४१ कक आणि त्याखाली उच्च न्यायालयाच्या आदेशातून आलेली योजना यामुळे या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. हे सगळं प्रत्यक्षात घडवणारी व्यक्ती म्हणजे तुम्ही.

टेबलावरचं दृश्य असं असतं. एक मुलगा येतो, हातात घडी पडलेला एस्टिमेटचा कागद, वडील आयसीयूत. म्हणतो, 'मॅडम, काही कमी होईल का?' तुम्ही विचारता: रेशन कार्ड पिवळं की केशरी? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे का, कुठल्या वर्षाचा? हा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत असेल तर पहिली फेरी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या त्या योजनेच्या माणसाकडे, कारण भलत्याच खात्यावर बिल चढायला लागलं की ते उतरवताना नाकी नऊ येतात. दाखला गावाकडे असेल तर कोण आणणार, मोबाइलवर फोटो चालेल का, याचा निर्णय लगेच करायचा. मग बिलिंगला फोन. तिकडून उत्तर, 'निर्धन खाटा भरल्यात.' भरल्यात म्हणजे किती, आज डिस्चार्ज कुणाचा, हे तुमच्या वहीत असलं पाहिजे, नाहीतर संभाषण तिथेच संपतं. आणि एवढ्या सगळ्यात, डॉक्टरांनी सकाळी वडिलांबद्दल जे सांगितलं ते या मुलाला कळलं आहे का, हे विचारायला कुणालाही वेळ नसतो. तो तुम्हाला काढायचा असतो. कागदाची चीड येणाऱ्याने या कामाला येऊ नये. इथे कागद म्हणजेच मदत.

याच जगातली एक कमी माहीत असलेली वाट म्हणजे अवयव प्रत्यारोपण समन्वयक. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्याखालचे नियम यामुळे नोंदणीकृत रुग्णालयाला समन्वयक ठेवावाच लागतो. पदवीधर चालतो, एमएसडब्ल्यू असेल तर अधिक बरं. मेंदूमृत घोषित झालेल्या माणसाच्या बायकोशी पहाटे तीन वाजता बोलायची तयारी हवी आणि तिने नकार दिला तर तो नकार शांतपणे स्वीकारायचीही.

महिला आणि बालकांच्या क्षेत्रात कायद्याचा आधार सगळ्यात पक्का आहे. मुंबईत १९८४ मध्ये टिस आणि पोलीस यांनी मिळून महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलिसांच्या आवारात बसणारे समाजकार्यकर्ते, पण पोलीस नसलेले. पुढे हे प्रारूप महाराष्ट्रभर पसरलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी आणले. बाई आली की घटनेचा अहवाल विहित नमुन्यात भरायचा, तो दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, निवारा, वैद्यकीय तपासणी, वकील यांची सोय लावायची. सखी वन स्टॉप सेंटरमध्येही साधारण हीच धावपळ, फक्त पद योजनेतलं.

बालकांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा. जिल्हा बाल संरक्षण कक्षातले अधिकारी आणि समाजकार्यकर्ते, परिवीक्षा अधिकारी, बालगृहांतले अधीक्षक आणि समुपदेशक ही सगळी त्यातून आलेली माणसं. कायद्याशी संघर्ष झालेलं मूल बाल न्याय मंडळासमोर आलं की १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. नवखे मुलं त्यात लिहितात, 'घर एका खोलीचं आहे. वडील दारू पितात. परिस्थिती हलाखीची.' यातून मंडळाला काहीच कळत नाही, असं तर निम्म्या वस्तीबद्दल लिहिता येईल. मुलाने शाळा नेमकी कधी सोडली आणि त्या महिन्यात घरात काय घडलं होतं? संध्याकाळी सहा ते दहा घरात कोण असतं? ज्यांच्यासोबत पकडला गेला ते गल्लीतले की कामाच्या ठिकाणचे? घरी सोडला तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, आजी, मामा, की कुणीच नाही? ही उत्तरं मिळवायला एक गृहभेट पुरत नाही आणि वडील घरी असताना केलेली भेट तर बहुतेक वेळा वायाच जाते. तुमच्या दोन पानांवर एका मुलाचं पुढचं वर्ष ठरतं. हे ज्याला जड वाटतं त्याला मी चांगला उमेदवार समजते.

कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशकाचं पद असतं, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार. जागा फार थोड्या, पण पद नियमित आणि प्रतिष्ठेचं. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि अनुभव घेऊन जायचं ठिकाण आहे ते, सुरुवातीचं नव्हे.

आता समुपदेशन. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. शनिवार-रविवारच्या तीन महिन्यांच्या कोर्सनंतर 'सर्टिफाइड काउन्सेलर' असा बोर्ड लावता येतो, कारण नुसतं समुपदेशक म्हणवून घ्यायला आपल्याकडे आजवर परवाना लागत नव्हता. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला मात्र लागतो: भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी. मनोसामाजिक कार्यकर्ता, म्हणजे सायकियाट्रिक सोशल वर्कर, कोण याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर या विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. बंगळुरूच्या निम्हान्सचं नाव यासाठी घेतात ते उगाच नव्हे. पण नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच बंद केली. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोसामाजिक कार्य या दोन विषयांना यूजीसीने २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली होती. म्हणून या वाटेने जायचं असेल तर प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षापुरती मान्यता आहे का, याचा कागद स्वतः बघा, कॉलेजच्या क्लार्कच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. शिवाय २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोसामाजिक समाजकार्यकर्ते, एचआयव्ही समुपदेशक असे बरेच जण नोंदणीच्या कक्षेत आणले आहेत. नोंदणीची यंत्रणा बसत जाईल तशी पूर्णवेळ मान्यताप्राप्त पदवीची किंमत वाढणार आणि तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटची घसरणार, असं माझं मत आहे.

तुमच्यासारख्या समाजशास्त्राच्या पदवीधराला यातली सगळी दारं उघडी नाहीत. मानसशास्त्रातल्या एम.ए.ला अनेक विद्यापीठं पदवीला मानसशास्त्र असण्याची अट घालतात. एमएसडब्ल्यू करून समुपदेशनाकडे वळणं तुम्हाला सोपं जाईल. आणि खरं सांगू, संस्थात्मक समुपदेशनात मला एमएसडब्ल्यू झालेली माणसं जास्त टिकलेली दिसतात, कारण समोरच्या बाईला झोप लागत नाही यामागे घरभाडं थकलंय हेही असू शकतं, हे त्यांना पटकन सुचतं.

समुपदेशकाच्या जागा कुठे आहेत? शाळांत, विशेषतः सीबीएसईच्या. रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी, केंद्रांत. किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात. २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या, म्हणजे १४४१६ च्या, फोनवर. आयसीटीसीचं उदाहरण घ्या, कारण वर मांडलेल्या हिशेबातली एक खोच त्यात दिसते. एचआयव्हीची चाचणी माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही आणि त्या संमतीत चाचणीआधीचं आणि नंतरचं समुपदेशन धरलेलं आहे, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. म्हणजे काम कायद्याने सक्तीचं. तरीही समुपदेशकाची नेमणूक कंत्राटी, कार्यक्रमाच्या निधीतून. कायदा कामाला संरक्षण देतो, करणाऱ्याला देईलच असं नाही. मुलाखतीत 'पद मंजूर आहे की कार्यक्रमातलं' हे विचारायला लाजू नका.

शाळेत समुपदेशक म्हणून गेलात तर पहिल्याच वर्षी एक प्रसंग येईल, त्याची तयारी आधी करून ठेवा. आठवी-नववीतली मुलगी दार लावून घेते आणि म्हणते, 'तुम्ही कुणाला सांगणार नसाल तर सांगते.' तुम्ही 'नाही सांगणार' म्हणालात की अडकलात. अल्पवयीन मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर तो पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून पहिल्या भेटीतच, सगळं सुरळीत असताना, सांगून ठेवायचं: 'इथलं बोलणं इथेच राहतं. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका आहे असं वाटलं, तर मी ते योग्य माणसांना सांगेन, आणि कुणाला सांगणार ते तुला आधी सांगेन.' मुलं हे समजून घेतात. मुख्याध्यापक कधीकधी घेत नाहीत, 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणतात. तेव्हा कलम माहीत असणं फार उपयोगी पडतं. कोर्स निवडताना हे शिकवतात का, आणि तुमच्या केसेस बसून ऐकणारा अनुभवी सुपरव्हायझर देतात का, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पैसे खिशात ठेवा.

योजनांमधल्या पदांवर ग्रामीण महाराष्ट्रातली मोठी फौज काम करते. 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात तालुका आणि प्रभाग पातळीवरचे समन्वयक, माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, सहयोगिनी आणि लोकसंचालित साधन केंद्रं, नगरपालिकांत समूह संघटक, बार्टी या सामाजिक न्याय विभागाच्या संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेचे समतादूत. बचत गटाची वही तपासणं, बँकेच्या मॅनेजरसमोर गटाचं कर्ज मांडणं, ग्रामसभेत बायकांना बोलतं करणं, हे सगळं इथे शिकाल. मानधन बेताचं, प्रवास भरपूर. आदिवासी भागात वनहक्क आणि पेसा, म्हणजे ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, यांचं काम करायचं असेल तर कायदा, नकाशा आणि सातबारा तिन्ही वाचता आले पाहिजेत. नुसती आपुलकी पुरत नाही.

स्वयंसेवी संस्था आणि सीएसआर एकत्रच सांगते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून दोन प्रकारच्या नोकऱ्या आल्या: कंपनीत बसून प्रोजेक्ट निवडणाऱ्यांच्या, आणि संस्थेत बसून त्या कंपनीला अहवाल पाठवणाऱ्यांच्या. पहिलीत पगार चांगला, लोकांशी संबंध कमी. दुसरीत उलट. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांची गत २०२० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याच्या, दुरुस्तीने पालटली: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीला हा निधी देणं बंद झालं. लहान संस्थांची माणसं त्यात गेली. म्हणून संस्थेत रुजू होताना विचारा, पैसा कुठला, कधीपर्यंतचा, आणि भविष्य निर्वाह निधी कापतात का. चांगली संस्था या प्रश्नांवर चिडत नाही.

कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी ही जुनी, रुळलेली वाट. १९४८ च्या कारखाने कायद्यात ५०० कामगारांची अट होती, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती २५० वर आणली आहे. कामगार कल्याण या विषयातली एमएसडब्ल्यू किंवा परळच्या ना. मे. लोखंडे श्रम विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणची पदवी लागते. पगार बरा, मालक आणि कामगार दोघेही तुम्हाला दुसऱ्याचा माणूस समजतात.

आणि एमपीएससी. सहायक आयुक्त समाजकल्याण, समाजकल्याण अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी, आदिवासी विकास आणि महिला-बालविकास खात्यातली पदं ही लोकसेवेतली आपल्या विषयाला सर्वात जवळची. काहींना समाजकार्याची पदवी लागते किंवा चालते, तिथे स्पर्धा तुलनेने आवाक्यात असते. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, यूपीएससीच्या धर्तीवर. पाठांतरापेक्षा लिहिता येण्याला महत्त्व आलं, हे मला चांगलं वाटतं. पण माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या बी.ए.वर, दुसरं काहीही हातात न ठेवता, अभ्यासिकेत पाच वर्षं घालवू नका. खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत वयोमर्यादा आहे, मागासवर्गीयांना ४३. ती सोय म्हणून आहे, तेवढी वर्षं घालवायची मुभा म्हणून नाही. एमएसडब्ल्यू करून एखादं सरळसेवेचं पद मिळवा आणि नोकरीतून परीक्षा द्या. गृहपाल किंवा समाजकल्याण निरीक्षक म्हणून दोन वर्षं वसतिगृह चालवलेला उमेदवार मुलाखतीत शिष्यवृत्तीवर जे बोलतो, ते कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये सापडत नाही.

अजून खात्रीच नसेल की हे जमेल का, तर दोन वर्षांची पदवी घेण्याआधी एखादी फेलोशिप करून बघा. मुख्यमंत्री फेलोशिप प्रशासन आतून दाखवते. वय २१ ते २६, पदवीला प्रथम वर्ग आणि वर्षभराचा कामाचा अनुभव मागतात. टीच फॉर इंडिया आणि गांधी फेलोशिप दोन-दोन वर्षांच्या, शिक्षणाच्या अंगाने. स्टेट बँकेची यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची, खेड्यात राहून. गडचिरोलीच्या 'सर्च'मधून चालणारी 'निर्माण' शिबिरं नोकरी देत नाहीत, पण आपण कोणत्या प्रश्नाला आयुष्य लावू शकतो याचा विचार करायला लावतात, आणि तिथे भेटलेली माणसं पुढे फार कामी येतात.

तुमच्यापुरतं विचाराल तर मी असं करेन. या वर्षी सीयूईटी-पीजी आणि जवळच्या दोन चांगल्या महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षा द्यायच्या. प्रवेशाला वेळ असेल तोवर एखाद्या बालगृहात, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात किंवा महिलांच्या मदत केंद्रात आठवड्यातले दोन दिवस जायचं, बिनपगारी चालेल. तिथे स्वतःला तपासायचं: एकाच माणसासमोर तासभर शांत बसून ऐकणं आवडतं, चाळीस बायकांच्या बैठकीत जीव रमतो, की फाइल हलवून काम मार्गी लागलं की समाधान वाटतं? पहिलं असेल तर समुपदेशन किंवा मनोसामाजिक कार्य, दुसरं असेल तर समुदाय विकास, तिसरं असेल तर खात्याची परीक्षा. स्पेशलायझेशन त्यावरून घ्या, मैत्रिणीने काय घेतलं यावरून नको.

आणि पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या. जिथे जिथे काम कराल, अगदी सहा महिन्यांचा प्रोजेक्ट असला तरी, सोडताना लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या: पदाचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, कामाचं स्वरूप, सही-शिक्का. बाल कल्याण समितीचं किंवा बाल न्याय मंडळाचं सदस्यत्व पुढे मिळवायचं असेल तर मुलांसाठीच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो. छोट्या संस्था बंद पडतात, संचालक गावं सोडतात, आणि दहा वर्षांनी तो दाखला द्यायला कुणीच उरलेलं नसतं. नियुक्तीपत्रं, मानधनाच्या नोंदी असलेलं पासबुक आणि हे दाखले एका फाइलमध्ये ठेवा, आणि त्यांची स्कॅन केलेली प्रत वेगळ्या जागी.